नळ येईपर्यंतचे पाणी: शहराच्या वाढत्या कडेला विहीर, बोअर आणि टँकर कसे सांभाळावेत

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. कागदावर गाव एका दिवसात शहर होते, परंतु जलवाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र आणि मैलापाणी वाहून नेणारी व्यवस्था यायला अनेक वर्षे जातात. या मधल्या वर्षांत हजारो कुटुंबे गावठाणातील जुन्या विहिरीवर, सोसायटीच्या बोअरवर आणि दारात येणाऱ्या टँकरवर अवलंबून असतात, आणि त्याच जमिनीत शेजारच्या शोषखड्ड्यांचे पाणीही मुरत असते. पाण्याला सर्वाधिक धोका याच काळात असतो आणि त्याची जबाबदारी नक्की कोणाची, हे याच काळात कोणाला नीट सांगता येत नाही. म्हणून नळ येईपर्यंत पाण्याची राखण रहिवाशांनी आणि ग्रामस्थांनी स्वतःकडे घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. पुढे जे सांगितले आहे ते पुण्याच्या कडेच्या गावांसमोर ठेवून सांगितले आहे. मात्र काळ्या पाषाणावर वसलेल्या नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाढत्या कडेलाही ते बहुतांशी लागू पडेल.

ही काळजी काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या पुढे २०० च्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जिवाणू आढळला. या भागातील काही गावांना जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता, विहिरीतून केवळ क्लोरीन टाकून पाणी दिले जात होते, ही गोष्ट त्या निमित्ताने सर्वांसमोर आली. खडकवासला धरण जिथून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे हे घडले. धरण जवळ असणे आणि पाणी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपले पाणी कुठून येते, ते आधी लिहून काढावे

बहुतेक सोसायट्यांत पाणी किती वाजता येते हे सर्वांना ठाऊक असते, पण ते कुठून येते हे फक्त वॉटरमनला माहीत असते. तो काम सोडून गेला की ही माहितीही जाते. त्यामुळे पहिले काम वहीचे आहे. प्रत्येक विहीर आणि बोअरची जागा, खोली, केसिंग (बोअरची भिंत ढासळू नये म्हणून आत बसवलेला पाइप) किती फुटांपर्यंत आहे, पंप किती अश्वशक्तीचा आहे, कोणत्या टाकीत पाणी पडते आणि त्या टाकीतून कोणत्या इमारतीला जाते, हे सारे एका नकाशावर मांडावे. बोअर घेतला तेव्हाचे बिल सापडले, तर खोली आणि केसिंगची नोंद बहुधा त्यातच मिळते. त्याच नकाशावर सेप्टिक टँक, शोषखड्डे, ड्रेनेजचे चेंबर, ओढा, कचरा टाकण्याची जागा आणि जवळचे गोठे किंवा गॅरेजही दाखवावे. असा नकाशा पहिल्यांदा तयार होतो तेव्हा पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि मैल्याचा खड्डा किती जवळ आहेत, हे अनेकांना प्रथमच कळते.

त्यानंतर पाण्याची पातळी मोजायला सुरुवात करावी. विहिरीसाठी टेपला वजन बांधून कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले तरी पुरते; मात्र ते पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी मोजावे, कारण उपसा चालू असताना घेतलेले माप फसवे असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. आपणही निदान हे चार महिने पाळावेत, म्हणजे आपल्या नोंदींची सरकारी नोंदींशी तुलना करता येईल. बोअरमध्ये टेप सोडणे अवघड असते, म्हणून तिथे वेगळी युक्ती वापरता येते: तीच टाकी त्याच पंपाने भरायला किती मिनिटे लागतात, ते दर आठवड्याला लिहावे. ऑक्टोबरमध्ये चाळीस मिनिटांत भरणारी टाकी फेब्रुवारीतच सत्तर मिनिटे घेऊ लागली, तर पंपात बिघाड नसल्याची खात्री करून उन्हाळ्याची तयारी तेव्हाच सुरू करावी. एप्रिलमध्ये बोअर हवा ओढू लागल्यावर हाती फारसे काही उरत नाही.

खालचा खडक काय सांगतो

आपल्याकडचा काळा पाषाण वाळूसारखा सर्वत्र पाणी धरून ठेवत नाही. वरच्या थरात मुरूम आणि झिजलेला खडक असतो, त्यात पावसाचे पाणी मुरते आणि जुन्या विहिरी त्यावरच चालतात. त्याखाली टणक पाषाण असतो आणि त्यात पाणी फक्त भेगांमध्ये, तेही थोडेच असते. बोअर भेगेला लागला तर पाणी मिळते, नाही तर शेजारी दहा फुटांवर बोअर घेऊनही धूळच निघते. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली अशी की, बोअर अधिक खोल नेल्याने पाणी अधिक मिळते हा समज चुकीचा आहे. खोल भेगांमधले पाणी भरायला फार काळ लागतो. ते उपसून संपवले की पुढच्या पावसाळ्यात ते परत येईलच असे नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीचा वेगळा विचार केला आहे, त्यामागे हेच कारण आहे. दुसरी गोष्ट गुणवत्तेची आहे. वाळूतून झिरपताना पाणी काही प्रमाणात गाळले जाते, परंतु पाषाणाच्या भेगेतून वाहणारे पाणी गाळले जात नाही. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात निदान १५ मीटर अंतर असावे, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. भेगाळलेल्या खडकात तेवढे अंतरही पुरेल याची हमी देता येत नाही, म्हणून शक्य तिथे ते दुप्पट ठेवावे आणि शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या वरच्या बाजूला कधीही घेऊ नये.

नव्या इमारतीच्या तळघरासाठी खोदकाम होते, तेव्हा वरच्या थरातले हेच पाणी खड्ड्यात पाझरते आणि पंप लावून ते महिनोन्महिने गटारात सोडले जाते. शेजारच्या विहिरी त्या काळात झपाट्याने खाली जातात. आपल्या परिसरात असे खोदकाम सुरू झाले, तर सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची विहिरीची पातळी नोंदवावी, छायाचित्रे ठेवावीत, आणि ते पाणी गटारात सोडण्याऐवजी बांधकामासाठी किंवा पुनर्भरणासाठी वापरावे अशी लेखी मागणी विकासकाकडे आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे करावी. पाणी वाहून गेल्यावर केलेल्या तक्रारीला काही अर्थ राहत नाही.

विहीर डोळ्यांनी तपासणे

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी विहिरीकडे नीट पाहावे. यासाठी एप्रिल किंवा मे महिन्यातील सकाळ उत्तम, कारण पाणी खाली गेलेले असते आणि भिंत उघडी पडलेली असते. कठड्यावरून टॉर्चच्या उजेडात पाण्याच्या वरची भिंत चारही बाजूंनी पाहावी. पाऊस जाऊन सहा-सात महिने झाल्यावर वरची भिंत कोरडी असायला हवी. तिथे एका जागी ओल दिसत असेल, दगडांच्या सांध्यातून हिरव्या शेवाळाची ओळ खाली उतरत असेल आणि तिच्या कडेला काळसर चिकट थर असेल, तर त्या दिशेला जमिनीवर काय आहे ते पाहावे. बहुधा तिथे चेंबर, सेप्टिक टँक किंवा गळकी ड्रेनेज लाइन सापडते. तो झरा आहे असे समजून समाधान मानू नये. झरा सहसा पाण्याच्या पातळीजवळ असतो, जमिनीखाली चार-पाच फुटांवर भर उन्हाळ्यात वाहत नाही.

विहिरीला जमिनीपासून पुरेसा उंच कठडा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा आणि वर जाळी किंवा झाकण असावे. बोअरच्या केसिंगचे तोंड जमिनीच्या वर निदान फूटभर असावे, त्यावर घट्ट टोपण असावे आणि केसिंगच्या बाहेरची पोकळी सिमेंटने बंद केलेली असावी. अन्यथा पावसाळ्यात अंगणातले पाणी केसिंगच्या कडेने सरळ खाली उतरते. पार्किंगमध्ये जमिनीच्या पातळीवर लोखंडी पत्र्याने झाकलेले बोअर सर्रास दिसतात आणि गाड्या धुतलेले पाणी त्यांच्याभोवतीच साचते. बंद पडलेला बोअर उघडा ठेवणे मुलांच्या जिवाला धोक्याचे आहेच, शिवाय खालच्या पाण्यात घाण जाण्याची ती उघडी वाट असते. तो तळापासून भरून कायमचा बंद करावा.

तपासणी कशाची आणि केव्हा

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याची तपासणी करावी. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या पाणी स्रोतांची स्वच्छता पाहणीही वर्षातून दोनदा होते आणि तिच्या निष्कर्षांवरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, अवश्य विचारावे.

अहवाल हाती आल्यावर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे आयएस १०५०० शी, तो ताडून पाहावा. १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानले जातात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम असून पर्याय नसल्यास १.५ पर्यंत सूट आहे. लोक क्षारांच्या आकड्याकडे सर्वाधिक लक्ष देतात, कारण तो मोजण्याचे छोटे यंत्र सहज मिळते. माझ्या मते शहराच्या कडेला पाहायचे आकडे ई. कोलाय आणि नायट्रेट हे आहेत. वस्तीजवळच्या विहिरीत नायट्रेट दरवर्षी चढत असेल, तर मैलापाणी किंवा शेतातले खत त्या पाण्यापर्यंत पोहोचते आहे, असे समजावे. नायट्रेट पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, आणि वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक असतो.

नमुना घेण्यात हयगय झाली तर अहवाल निरुपयोगी ठरतो. जिवाणू तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणावी, नळाचे तोंड पुसून ज्योतीने तापवावे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे, बाटलीच्या आतल्या भागाला बोट लागू देऊ नये आणि बर्फात ठेवून ती त्याच दिवशी पोहोचवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, आणि पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळाही आहे. मधल्या महिन्यांत हायड्रोजन सल्फाइड चाचणीची लहान बाटली वापरता येते: ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरून ठेवले आणि २४ ते ४८ तासांत ते काळे पडले, तर पाण्यात मैल्याचा अंश आहे असे धरून चालावे.

क्लोरीन: थोडे, पण रोज आणि मोजून

ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल म्हणतात ती ब्लिचिंग पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे, ओलसर किंवा उन्हात राहिले की ही ताकद झपाट्याने उतरते, आणि मग दोन मुठी टाकूनही उपयोग होत नाही. चांगल्या पावडरीचे प्रमाण साधारणपणे १००० लिटरला २.५ ग्रॅम असे धरतात. समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर आहे; तर पाणी सुमारे ३७,७०० लिटर भरते आणि पावडर सुमारे ९५ ग्रॅम लागते. पावडर कोरडी टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करून, पाणी वाढवून ढवळावे, दहा मिनिटे निवळू द्यावे आणि तळाचा चुना मागे ठेवून वरचे निवळ पाणीच विहिरीत किंवा टाकीत मिसळावे. त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, ते पाणी कोणाला देऊ नये. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडतो, म्हणून आधी गाळ बसू द्यावा.

किती टाकले यापेक्षा शेवटच्या घरी किती उरले हे महत्त्वाचे आहे. लाइनच्या अगदी टोकाच्या घरातील नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळाला पाहिजे. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाण्याला आलेला पिवळा रंग पट्टीशी ताडून तो एका मिनिटात कळतो. चाचणीचे पाणी मात्र फेकून द्यावे, ते पिण्यास योग्य नसते. टाकीजवळच्या घरी क्लोरीन मिळतो आणि टोकाला मिळत नाही, याचा अर्थ बहुधा मधल्या लाइनमध्ये काहीतरी घाण शिरते आहे.

ती कशी शिरते तेही समजून घ्यावे. दिवसातून तासभरच पाणी येणारी लाइन उरलेला वेळ रिकामी असते आणि तिच्यात बाहेरून ओढ निर्माण होते. तिच्या शेजारून गळकी ड्रेनेज लाइन जात असेल, तर मैलापाणी सांध्यातून आत येते. त्यात एखाद्याने थेट लाइनला मोटर लावली की ही ओढ अनेक पटींनी वाढते. लाइनला मोटर लावणारा केवळ शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी पळवत नाही, तर संपूर्ण गल्लीच्या पाण्यात मैला ओढत असतो. म्हणून सोसायटीच्या किंवा गावाच्या समितीने यात भीड धरू नये.

टँकर

टँकरचे पाणी म्हणजे जास्तीचे पाणी नव्हे. ते बहुधा शेजारच्या गावातील बोअरचे किंवा विहिरीचे असते. त्यामुळे टँकर दारात येतो म्हणून आपला प्रश्न सुटला असे मानणे धोक्याचे आहे. टँकरवाल्याशी लेखी करार करावा, त्यात स्रोताची जागा नमूद करावी आणि त्या स्रोताचा तपासणी अहवाल मागावा. प्रत्येक खेपेला वाहन क्रमांक, वेळ, स्रोत आणि क्लोरीनचे माप सुरक्षारक्षकाने वहीत लिहावे. माप टाकीत पाणी सोडण्यापूर्वी घ्यावे. ज्याच्यात क्लोरीन नाही असा टँकर पिण्याच्या टाकीत रिकामा करू देऊ नये. जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडून पाइप आत टाकताना तो पाइप कुठे पडलेला होता, इकडेही पाहावे. इतक्या साध्या ठिकाणी सर्वाधिक दुर्लक्ष होते.

पाणी पुरवायचे तर

शहरी पुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे आणि त्यातील ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. १०० सदनिकांच्या आणि घरटी चार माणसांच्या सोसायटीत रोज ५४,००० लिटर लागतात, त्यांपैकी १८,००० लिटर फ्लशमध्ये जातात. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास दोन टँकर. ज्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे, तिथे हे पाणी प्रकल्पातूनच मिळायला हवे. विजेचे बिल वाचवण्यासाठी प्रकल्प बंद ठेवून फ्लशसाठी टँकर मागवणाऱ्या सोसायट्या दुहेरी नुकसान करतात: पैसा जातो, आणि न शुद्ध केलेले पाणी ओढ्यात जाऊन खालच्या गावाच्या विहिरीत उतरते. भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असा प्रवास करत मुळेला मिळणाऱ्या रामनदीकाठी हे सहज पाहता येते. प्रकल्प नसेल तर प्रत्येक सदनिकेला मीटर लावणे, हा वापर कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

पुनर्भरणाचा हिशेबही करून पाहावा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटर छतावरून सुमारे ५६,००० लिटर पाणी हाती लागू शकते. एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. परंतु ताबा मिळाल्यावर अनेक ठिकाणी पाइप तुटलेले आणि गाळणी मातीने भरलेली आढळते. मे महिन्यात छत झाडावे, गाळणीतील वाळू आणि खडी धुऊन परत भरावी, आणि जूनच्या पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावे. रस्त्याचे, पार्किंगचे किंवा गटाराच्या कडेचे पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नये. वरच्या थरात मुरताना जी थोडीफार गाळणी होते तीही बोअरमध्ये होत नाही, आणि एकदा तेल किंवा मैला भेगांत गेला की तो परत काढता येत नाही. पिण्यासाठी वापरात असलेल्या बोअरपासून दूर, मुरुमात घेतलेला पुनर्भरण खड्डा अधिक सुरक्षित असतो.

कागदपत्रे आणि कार्यालये

जिथे अजून ग्रामपंचायत आहे तिथे ग्रामसभा हे मोठे साधन आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत पाण्याचे ठराव नेमक्या शब्दांत मांडावेत: सार्वजनिक विहिरीभोवती शोषखड्ड्याला मनाई, ओढ्यांची मोजणी करून गाव नकाशाप्रमाणे त्यांची रुंदी कायम करणे, आणि नव्या गृहप्रकल्पाला ना-हरकत देण्यापूर्वी पाण्याचा स्रोत व सांडपाण्याची व्यवस्था लेखी घेणे. अधिसूचित सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास कायद्याने बंदी आहे आणि विहीर या संज्ञेत बोअरही येतो. त्यामुळे आपली सार्वजनिक विहीर अधिसूचित आहे का, हे विचारून घ्यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. गृहप्रकल्पांच्या गावाला पिकांऐवजी सदनिका मोजाव्या लागतील, पण हिशेबाची रीत तीच आहे.

महापालिकेत गेलेल्या गावांनी क्षेत्रीय कार्यालयाकडे तपासणी अहवाल मागावेत आणि ते मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ओढ्यात सांडपाणी सोडले जात असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख, वेळ आणि छायाचित्रांसह तक्रार करावी. सदनिका घेणाऱ्यांनी विकासकाचे पाण्याबाबतचे हमीपत्र पाहिल्याशिवाय करारनाम्यावर सही करू नये.

एकाच आठवड्यात तीन-चार घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर अहवालाची वाट पाहू नये. क्लोरीन वाढवण्यापूर्वी नमुना घ्यावा, नंतर सर्वांना पाणी खळखळ उकळून पिण्यास सांगावे, आरोग्य केंद्राला कळवावे, टाक्या रिकाम्या करून धुवाव्यात आणि लाइनवरील प्रत्येक चेंबर उघडून पाहावे. हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या जाणवणाऱ्या रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

महापालिकेचा नळ आल्यावरही विहीर बुजवू नये. तिचे पाणी बाग, फ्लश आणि टंचाईसाठी ठेवावे, पण तिची लाइन आणि पिण्याची लाइन पूर्णपणे वेगळ्या कराव्यात. एका व्हॉल्व्हने दोन्ही जोडून ठेवण्याची प्लंबरची सोयीची रीत मान्य करू नये, कारण तो व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला की विहिरीचे पाणी थेट पिण्याच्या टाकीत येते. दोन्ही लाइनींना वेगळे रंग द्यावेत आणि त्यांचा नकाशा टाकीच्या खोलीत भिंतीवर लावावा.